कोणी चुकत नाही, तरी सारं अडतं

ऑपरेशन थिएटरमध्ये एक शस्त्रक्रिया नुकतीच संपली आहे. रुग्ण अजून व्हेंटिलेटरवर आहे, त्याला टेबलावरून थेट आयसीयूत न्यायचं आहे. पण आयसीयूतल्या सगळ्या खाटा भरलेल्या आहेत. त्यातल्याच एका खाटेवरच्या रुग्णाच्या पोटात पुन्हा पू साठला आहे. त्याला तातडीनं थिएटरमध्ये घ्यायला हवं, पण तिथलं एकुलतं एक टेबल अडलेलं. टेबल मोकळं व्हायला खाट हवी आणि खाट मोकळी व्हायला टेबल हवं.

सर्जन तयार आहे, भूलतज्ज्ञ तयार आहे, सिस्टर तयार आहेत. कोणी कामचुकारपणा करत नाही, कोणी नियम मोडलेला नाही. तरीही सगळं जागच्या जागी थांबलेलं आहे आणि नुसती वाट पाहून ते सुटणारही नाही. प्रत्यक्षात अशा वेळी रिकव्हरी रूममध्ये एखादं जास्तीचं व्हेंटिलेटर लावून वाट काढली जाते. ते व्हेंटिलेटर नसेल तर काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. या म्हणीतलं वैद्यकशास्त्र साफ चुकीचं आहे, लग्न हा मानसिक आजारावरचा उपचार नव्हे. पण तिच्यातला तर्क अगदी बरोबर आहे. संगणकशास्त्रात या अवस्थेला ‘डेडलॉक’ म्हणतात. गेली साठ वर्षं संगणकतज्ज्ञ तिचा अभ्यास करत आहेत आणि त्यांनी शोधलेले उपाय रुग्णालयाच्या कारभारात रोज उपयोगी पडतात. ‘थिएटर रिकामं आहे, डॉक्टर हजर आहेत, मग आमच्या माणसाचं ऑपरेशन पुढे का ढकललं?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तरही यातच सापडतं.

जीवघेणी मिठी

आपल्या मोबाइलवर किंवा बँकेच्या संगणकावर एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. अशा प्रत्येक कामाला ‘प्रोसेस’ म्हणतात. कामं अनेक, पण साधनं मोजकी. प्रिंटर एक, फाइल एक, एखाद्या खात्याची नोंद एक. दोन कामांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर हिशेबाचा घोळ होईल. म्हणून जे काम आधी पोहोचतं ते त्या नोंदीला कुलूप लावतं, आपलं काम उरकतं आणि मग कुलूप काढतं. सुरक्षिततेसाठी हे कुलूप हवंच. पण अडचण सुरू होते तीही या कुलपामुळेच.

समजा, सुनीता रमेशला पाचशे रुपये पाठवते आहे आणि त्याच क्षणी रमेश सुनीताला तीनशे पाठवतो आहे. पहिल्या व्यवहारानं सुनीताच्या खात्याला कुलूप लावलं, दुसऱ्यानं रमेशच्या. आता पहिल्याला रमेशचं खातं हवं आहे आणि दुसऱ्याला सुनीताचं. दोघंही हातातलं सोडत नाहीत आणि दोघंही समोरच्याची वाट पाहतात. या वाट पाहण्याला अंत नाही.

नेदरलँड्सचे संगणकतज्ज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५च्या सुमारास या अवस्थेची नीट मांडणी केली आणि तिला ‘जीवघेणी मिठी’ या अर्थाचं नाव दिलं. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी त्यावर परीक्षेत एक प्रश्नही घातला. त्यात अनेक संगणक मोजक्या टेप-यंत्रांसाठी स्पर्धा करतात, अशी कल्पना होती. पुढे टोनी होअर यांनी त्याच कोड्याला जेवणाच्या टेबलाचं रूप दिलं आणि ते जगभर गाजलं. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत. दोन ताटांमध्ये एक, असे एकूण पाच काटे आहेत आणि जेवायला प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकदम डावीकडचा काटा उचलला, तर उजवीकडचा कोणालाच मिळणार नाही. अन्न समोर, काटा हातात, आणि पाचही जण उपाशी.

चार अटी, चार उपाय

१९७१मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तीन संशोधकांनी एका लेखात दाखवलं की डेडलॉक व्हायला चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. पहिली, साधन एका वेळी एकालाच वापरता येणं. दुसरी, हातातलं साधन धरून ठेवून आणखी एकाची वाट पाहणं. तिसरी, एकदा घेतलेलं साधन कोणालाही हिसकावून घेता न येणं. आणि चौथी, वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ तयार होणं, म्हणजे पहिला दुसऱ्यासाठी थांबलेला, दुसरा तिसऱ्यासाठी आणि शेवटचा पुन्हा पहिल्यासाठी.

आम्हा डॉक्टरांना ही मांडणी ओळखीची वाटते. साथीचा आजार पसरायला जंतू, त्याचा मार्ग आणि त्याला बळी पडणारा माणूस हे सारं लागतं. साखळीतला एक दुवा तोडला की साथ थांबते. इथेही तसंच आहे. चारपैकी एक अट मोडली की डेडलॉक होऊच शकत नाही.

पहिली अट मोडायची म्हणजे साधन एकाचंच राहू द्यायचं नाही. पूर्वी एक्स-रेची फिल्म एकच असायची. ती सर्जनकडे असली की फिजिशियन थांबायचा, आणि ती शोधायला वॉर्डबॉय तीन मजले फिरायचा. आता संगणकावर तोच एक्स-रे चार विभागांत एकदम पाहता येतो, त्यामुळे त्यासाठीची रांगच संपली. पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. एका खाटेवर एका वेळी एकच रुग्ण असायला हवा.

दुसरी अट मोडायची तर नियम असा करायचा की जे काही लागणार आहे ते सुरुवातीलाच एकदम मागा. सगळं मिळालं तर काम सुरू करा. एक गोष्ट जरी कमी असेल, तर हातात काहीही न धरता थांबा. ठरवून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालयं हेच करतात. ऑपरेशननंतर आयसीयू लागणार असेल, तर खाट निश्चित झाल्याशिवाय रुग्णाला भूल देत नाहीत. रक्ताची तजवीजही आधीच करून ठेवतात.

तिसरी अट मोडायची म्हणजे कोणालातरी माघार घ्यायला लावायची. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. तिथे वाद नको म्हणून चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा नियम आहे. संगणकाचे डेटाबेस असंच वागतात. कोण कोणासाठी थांबलं आहे हे ते तपासत राहतात. वर्तुळ दिसलं की त्यातला एक व्यवहार रद्द करतात, त्यानं केलेले बदल पुसून टाकतात आणि त्याची कुलपं मोकळी करतात. दुसरा व्यवहार पुढे जातो, रद्द झालेला पुन्हा सुरू करता येतो. माघार कोणी घ्यायची याचेही नियम असतात. ‘मायएसक्यूएल’ या प्रचलित डेटाबेसमध्ये साधारणपणे ज्यानं सर्वांत कमी नोंदी बदललेल्या असतात त्याला थांबवलं जातं, कारण त्याचं नुकसान सर्वांत कमी.

माणसांच्या बाबतीत हा उपाय जपून वापरावा लागतो. अर्धवट व्यवहार पुसता येतो, अर्धवट शस्त्रक्रिया पुसता येत नाही. आयसीयूतल्या बऱ्या होत चाललेल्या रुग्णाला वॉर्डात हलवता येईल, पण व्हेंटिलेटरवर असलेल्याचा आधार काढून दुसऱ्याला देता येणार नाही. म्हणूनच रुग्णालयात अडकल्यावर सोडवण्यापेक्षा आधीच न अडकणं महत्त्वाचं.

चौथी अट मोडण्याचा उपाय मला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण तो अगदी साधा आहे. प्रत्येक साधनाला एक क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांनी साधनं चढत्या क्रमानंच घ्यायची. आधी लहान क्रमांक, मग मोठा. आयबीएमचे हॅवेंडर यांनी १९६८मध्ये त्यांच्या संगणकप्रणालीसाठी अशी पद्धत वर्णन केली होती. सुनीता-रमेशचं उदाहरण घ्या. पैसे कोणाकडूनही कोणाकडे जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याला आधी कुलूप लावायचं, असा नियम केला तर दोन्ही व्यवहार आधी एकाच खात्याकडे येतील. एकाला ते मिळेल, दुसरा रिकाम्या हातानं थांबेल. रिकाम्या हातानं थांबणारा कोणाचीच वाट अडवत नाही.

तत्त्वज्ञांचं कोडंही असंच सुटतं. काट्यांना १ ते ५ क्रमांक दिले, तर पाचव्या तत्त्वज्ञाच्या दोन बाजूंना ५ आणि १ हे काटे येतात. नियमानुसार त्याला आधी १ उचलायला हवा. तो शेजाऱ्यानं घेतला असेल तर त्याला ५ला हात लावता येत नाही. मग ५ क्रमांकाचा काटा चौथ्याला मिळतो, तो जेवतो, काटे खाली ठेवतो आणि पुढचे हळूहळू मोकळे होतात. नवा काटा आणावा लागला नाही, कोणाकडून हिसकावून घ्यावा लागला नाही. फक्त उचलण्याचा क्रम ठरवला.

हातात पैसे असूनही ‘नाही’

डाइक्स्ट्रांनी आणखी एक पद्धत सुचवली होती. ती ‘बँकरची पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपण एका गावच्या पतसंस्थेचं काल्पनिक उदाहरण घेऊ. संस्थेकडे १० लाख रुपये आहेत. तीन सभासद घर बांधत आहेत. पहिल्याला एकूण ८ लाख लागणार, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ४. घर पूर्ण झालं की प्रत्येक जण सगळे पैसे परत करणार, पण काम अर्धवट राहिलं तर कोणीच काही परत करू शकणार नाही. आतापर्यंत पहिल्याला ३, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला २ लाख दिले आहेत. तिजोरीत ३ लाख शिल्लक आहेत.

आता पहिला सभासद आणखी २ लाख मागायला आला. पैसे आहेत. द्यावेत का?

दिले तर तिजोरीत १ लाख उरेल. पहिल्याला अजून ३, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला २ लाख हवे असतील. उरलेल्या एका लाखात कोणाचंच घर पूर्ण होणार नाही. तिघंही पूर्ण रक्कम मागायला आले, तर तीन अर्धवट घरं आणि रिकामी तिजोरी. म्हणून बँकर आज ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी तो तिसऱ्याला २ लाख देतो. त्याचं घर पूर्ण होतं, त्याचे ४ लाख परत येतात आणि तिजोरीत ५ लाख होतात. मग पहिल्याचे उरलेले ५ लाख देता येतात आणि त्याचे ८ लाख परत आल्यावर दुसऱ्याचंही काम होतं.

या पद्धतीत ‘आत्ता देता येईल का’ एवढंच विचारायचं नसतं. ‘दिल्यानंतर सगळ्यांची कामं पूर्ण होण्याची एक तरी वाट उरते का’ हे पाहायचं असतं. आयसीयूत एक खाट रिकामी असताना ठरवून करायची मोठी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तेव्हा हाच विचार असतो. रात्री अपघाताचा रुग्ण येऊ शकतो, वॉर्डातल्या एखाद्याची प्रकृती खालावू शकते. ती खाट बाहेरून वाया गेल्यासारखी दिसते. पण शेवटची खाटही देऊन टाकली, तर एका तातडीच्या रुग्णानं सगळी साखळी जाम होऊ शकते.

रांगेत विसरलेला माणूस

मात्र कोणताही उपाय दुष्परिणामांशिवाय येत नाही. सावधपणे वाटप केलं की डेडलॉक टळतो, पण एखादं काम सतत मागे पडण्याचा धोका वाढतो. संगणकशास्त्रात याला सरळ ‘उपासमार’ म्हणतात. यंत्रणा चालू असते, इतरांची कामं होत असतात, पण एकाची पाळीच येत नाही.

सरकारी रुग्णालयात हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. हर्नियाचा किंवा पित्ताशयातल्या खड्यांचा रुग्ण रात्रीपासून उपाशीपोटी थांबलेला असतो. सकाळी अपघाताची केस येते, त्याला दुसरी तारीख मिळते. त्या दिवशी सिझेरियन येतं, मग तिसरी तारीख. प्रत्येक वेळचा निर्णय योग्यच असतो, पण त्या रुग्णाच्या वाट्याला अन्याय येतो. त्याची रोजी बुडते, सोबत आलेल्या माणसाची बुडते, आणि साधा हर्निया एखाद्या दिवशी अडकून तातडीचा होतो.

यावरही संगणकाकडे एक उपाय आहे. जितकं जास्त थांबाल तितका तुमचा अग्रक्रम आपोआप वाढत जातो. आज शेवटच्या रांगेत असलेलं काम काही काळानं पहिल्या रांगेत येतं. रुग्णालयातही हे करता येतं. दोनदा पुढे ढकललेला रुग्ण तिसऱ्या वेळी यादीत पहिला आणि त्याच्या वाट्याचं टेबल राखीव, असा लेखी नियम हवा. तो कोणाच्या मर्जीवर किंवा ओळखीवर सोडू नये. ओळखीनं मिळणारा अग्रक्रम हा उपासमारीचं सर्वांत मोठं कारण असतो.

अग्रक्रम नीट लावले तरी अडचण कशी होते, याचं एक गाजलेलं उदाहरण पृथ्वीबाहेरचं आहे. ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ला मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. यात डेडलॉक नव्हता, पण त्याच्या जवळचाच प्रकार होता. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एका सामायिक साधनाचं कुलूप धरून होतं. अतिशय महत्त्वाच्या कामाला तेच साधन हवं होतं. आणि मधल्या दर्जाची कामं त्या हवामानाच्या कामाला पुढे सरकूच देत नव्हती. म्हणजे साहेबांना हवी असलेली चावी नव्या शिकाऊ मुलाच्या खिशात आणि मधली मंडळी त्याला दुसऱ्याच कामांना पाठवत राहिलेली. अभियंत्यांनी तोच प्रकार पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर घडवून पाहिला, निदान केलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. उपाय असा होता: ज्याच्या हातातल्या कुलपासाठी मोठं काम थांबलं आहे, त्याला तेवढ्यापुरता मोठ्याचाच अग्रक्रम द्यायचा. ही सोय प्रणालीत आधीपासूनच होती, फक्त बंद ठेवलेली होती.

मोबाइल ‘हँग’ आणि सलाइनचा पंप

मोबाइल हँग होतो तो प्रत्येक वेळी डेडलॉकमुळेच असं नाही. मेमरी कमी पडणं, नेटवर्क मंद असणं, एखाद्या ॲपमधला दोष अशी इतर कारणंही असतात. पण डेडलॉक हे त्यातलं एक खरं कारण आहे. आपल्या रोजच्या वापरातल्या संगणकप्रणाली सगळ्या डेडलॉकांवर पहारा ठेवत नाहीत. तो क्वचितच होतो आणि सतत तपासत राहायला वेळ व ताकद खर्च होते, म्हणून अनेकदा दुर्लक्ष करणंच परवडतं. तज्ज्ञ याला गमतीनं ‘शहामृगाची पद्धत’ म्हणतात. फोन बंद करून सुरू केला की सगळी कुलपं निघतात आणि काम पुन्हा सुरू होतं.

रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणाऱ्या पंपाला किंवा पेसमेकरला अशी शहामृगगिरी करून चालत नाही. अशा उपकरणांत ‘वॉचडॉग’ नावाचा पहारेकरी बसवलेला असतो. मुख्य संगणकानं त्याला ठरावीक वेळानं ‘मी जागा आहे’ असा इशारा द्यायचा. इशारा आला नाही, तर पहारेकरी उपकरण सुरक्षित अवस्थेत नेतो, पुन्हा सुरू करतो किंवा गजर वाजवतो. पंपाचा गजर वाजला तर नातेवाइकांनी तो बंद न करता सिस्टरांना बोलवावं, असं आम्ही वारंवार सांगतो ते त्यामुळेच. गजराची कारणं अनेक असतात, त्यातलं नेमकं कोणतं हे तपासणं आमचं काम.

तारीख पुढे गेली तर काय विचारावं?

आपल्या माणसाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर राग येणं स्वाभाविक आहे. पण ‘टेबल रिकामं आहे ना?’ यापेक्षा उपयोगी प्रश्न आहेत. नेमकी कोणती गोष्ट कमी पडते आहे: खाट, रक्त, भूलतज्ज्ञ की एखादं उपकरण? ती कधी मिळण्याची शक्यता आहे? थांबल्यानं रुग्णाला धोका आहे का, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं? याआधी किती वेळा तारीख बदलली, याची नोंद केसपेपरवर आहे का? नव्या यादीत आपला क्रमांक कितवा? शेवटचे दोन प्रश्न जरूर विचारावेत, कारण रांगेत मागे पडलेल्या माणसाची आठवण नोंदीमुळेच राहते.

रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी धडा वेगळा आहे. काम अडलं की आपण आधी दोषी माणूस शोधतो. सर्जनला वाटतं आयसीयूवाले खाट सोडत नाहीत, आयसीयूवाल्यांना वाटतं वॉर्ड रुग्ण घेत नाही, वॉर्डाला वाटतं डिस्चार्जचे कागद येत नाहीत. बहुतेक वेळा सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी कोण कोणासाठी थांबलं आहे याची बाणांनी जोडलेली आकृती कागदावर काढावी. वर्तुळ दिसलं की कुठला बाण तोडायचा हेही दिसतं. पुष्कळदा तो बाण किरकोळ निघतो, म्हणजे संध्याकाळऐवजी सकाळी दहाला तयार झालेला डिस्चार्जचा कागद.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे नियम आहे ते नीट वाटतात, नसलेलं निर्माण करत नाहीत. तीस रुग्णांना आयसीयू लागत असेल आणि खाटा दहाच असतील, तर कितीही हुशार पद्धत वीस जणांना थांबायलाच सांगणार. खाटा, माणसं आणि यंत्रं वाढवावीच लागतील. फक्त वाढवताना हेही पाहावं लागेल की ती सगळी एकमेकांची वाट पाहत उभी राहणार नाहीत.